चिंचोक्यांची वरात

बालमित्रांनो, दूरच्या अरण्यात शिकून आपल्या जंगलात परत येणाऱ्या एका तरुण खारीला वाटलं होतं, की घरचे सगळे अजून पूर्वीसारखेच असतील. मिळालेलं फळ मातीत पुरायचं आणि कुठे पुरलं ते विसरून जायचं! ती स्वतः मात्र तिकडच्या मोठ्या शाळेत नवीच विद्या शिकली होती. झाडात वाटा कसा घ्यावा, तो कधी ठेवावा आणि कधी सोडावा, याची ती विद्या. ती सगळ्यांना शिकवायची आणि सगळ्यांच्या ढोल्या भरून टाकायच्या, असं तिने मनाशी ठरवलं होतं. वाटेत फांदीफांदीवर थांबून ती भाषणाची तालीम करत होती. "बंधू-भगिनींनो, पुरलेलं कुजतं, पेरलेलं वाढतं!" हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की प्रत्येक उडीला ती ते ओरडून म्हणायची आणि खालचे ससे दचकून बिळात शिरायचे.

प्रत्यक्षात तिने पाहिलं ते वेगळंच. ओढ्याकाठच्या सपाट कातळावर भर सकाळी वाट्यांचाच बाजार भरला होता! मधोमध एक साळिंदर काटे फुलवून बसलं होतं आणि खणखणीत आवाजात भाव पुकारत होतं. "फणस सात शेंगा! चिंच दोन! मोह तीन, मोह तीन, अरे कुणी घेतंय का मोह?"

हा बाजार कसा चालायचा, ते आधी सांगते. तुमच्या घरातली मोठी माणसं कंपन्यांचे शेअर घेतात ना, तसंच हे. झाडाला पाणी लागतं, राखण लागते, त्याच्यावरची कीड वेचावी लागते. ज्याने त्याला हातभार लावला, त्याचा त्या झाडात वाटा. वाट्याची खूण म्हणजे त्या झाडाची बी. फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका. हंगामात फळ आलं की जितक्या बिया, तितका फळांचा वाटा घरी. फळ येण्याआधी बी विकायची असेल, तर ती कातळावर विकायची. भाव ठरायचा भुईमुगाच्या शेंगांमध्ये. झाड बहरलं की भाव चढायचा आणि पानं गळली की पडायचा.

खारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आनंदाचं. तिथे ससेसुद्धा कुठल्या झाडाला पाणी पुरतं आणि कुठल्याला नाही, ते तोंडपाठ सांगत होते. एक म्हातारं मुंगूस तिच्याजवळ सरकलं.

"शिकून आलीस म्हणे?"

"हो आजोबा."

"तिकडे फणसाचा भाव काय आहे?"

"तिकडे फणस नाहीत, आजोबा."

"फणस नाहीत? मग तिथे शिकवतात तरी काय?" मुंगूस खो खो हसलं आणि पुढे गेलं.

भाषण खारीच्या गालातच राहिलं. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. आपणही या आनंदात उतरावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात एक कावळा तिच्या कानाशी आला. "ताई, तुम्ही शिकलेल्या, म्हणून तुम्हाला सांगतो. आतली बातमी आहे. ओढ्याच्या वळणावरची बोर यंदा दुप्पट फळणार. बिया कमीच आहेत. आत्ता घेतल्या तर घेतल्या." आणि बालमित्रांनो, जी खार इतरांना शिकवायला निघाली होती, तिने झाड न पाहता, वाटखर्चातून उरलेल्या साऱ्या शेंगा देऊन बोरीच्या बिया घेतल्या. त्या कुणाच्या होत्या? अर्थात कावळ्याच्याच. दुसऱ्या दिवशी तिने ती बोर पाहिली. ओढ्याचा काठ खचला होता आणि झाडाची निम्मी मुळं हवेत लोंबत होती. भाव पडत पडत एका शेंगेवर आला. खारीने बिया आत्याच्या ढोलीत गवताखाली सारून दिल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. 'चढेल परत,' ती स्वतःशी म्हणाली.

ती राहत होती आपल्या आत्याकडे. आत्याला लवकरच पिल्लं होणार होती. तिचं पोट गोल झालं होतं आणि उडी मारताना ती आधी फांदीला "सांभाळ गं बाई" म्हणायची. पिल्लं झाली की कितीतरी दिवस तिला ढोलीबाहेर पडता येणार नव्हतं. तेव्हा खायला शेंगा हव्या होत्या, त्याही आत्ताच. आणि पुढे पिल्लं दात फुटून खायला लागली, की त्यांच्यापुढे ठेवायला फळं हवी होती.

"त्याची काळजी नको," आत्या म्हणाली. "उद्या फणसाच्या आठळ्या विकते. चारला घेतल्या होत्या, आता सात आलेत. नफाच नफा!"

"आणि हा ढीग कसला?" खारीने विचारलं. ढोलीचा एक कोपरा चिंचोक्यांनी भरलेला होता.

"ते माळावरच्या चिंचेचे. नऊला घेतलेत एकेक. आता दोनवर आलेत. ते नाही विकायचे."

"का?"

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने सूर्य कुठे उगवतो असं विचारलं होतं. "अगं, विकले की तोटा झाला. ठेवले की तोटा झालाच नाही!"

खार दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली नाही. त्याच दुपारी ती पाच-सहा शेजाऱ्यांकडे पाहुणी म्हणून जाऊन आली. जिथे गेली तिथे तिला तेच दिसलं. सशाच्या बिळात वाळक्या आवळ्याच्या बिया, घोरपडीच्या कपारीत पडक्या उंबराच्या. फळणाऱ्या झाडांच्या बिया मात्र कुणाकडेच शिल्लक नव्हत्या. भाव दोन शेंगांनी चढला रे चढला, की त्या विकून मोकळे! इतकी हुशार मंडळी, आणि सगळ्यांच्या घरात फक्त मेलेली झाडं. हे असं का व्हावं, ते तिला कळेना.

संध्याकाळी बाजार उठताना ते कळलं. एका भेकराने नाइलाजाने पडत्या भावात बिया विकल्या. त्याच क्षणी वडावरून साळुंक्यांचा थवा खाली उतरला आणि त्याच्या मागे लागला.

"चढत्यात घेतलं, पडत्यात दिलं,
सांगा हो सांगा, हातात काय उरलं?"

साळुंक्या त्याच्या मागे नाचत, शेपट्या उडवत थेट त्याच्या झुडपापर्यंत गेल्या. सगळं जंगल हसत होतं. भेकर कान पाडून चाललं होतं. या प्रकाराला सगळे 'वरात' म्हणायचे. कुणी तोट्यात विकलं की त्याची वरात निघणार, हा तिथला रिवाज. आणि नफ्यात विकणाऱ्याला उंच दगडावर बसवून साळुंक्या त्याचं कौतुक गायच्या. मग कोण कशाला मेलेलं झाड विकेल? आणि कोण फळणारं झाड ठेवेल?

"आत्या!" खार धापा टाकत ढोलीत शिरली. "तुम्ही सगळे झाडांना नाही, साळुंक्यांना घाबरताय!"

"तू घाबरत नाहीस वाटतं?" आत्या शांतपणे शेंग सोलत म्हणाली.

"चल माझ्याबरोबर. आत्ता, उजेड आहे तोवर. ती चिंच बघू."

"मी कशाला बघू? मला माहीत आहे ती कुठे आहे ते."

"किती दिवसांत गेली नाहीस?"

आत्याने शेंग खाली ठेवली. "भाव रोज ऐकते की मी," ती म्हणाली. पण उठली.

माळ जवळच होता. वाटेत मोहाचं झाड लागलं. त्यावर एक पान नव्हतं. नुसत्या करड्या फांद्या. "आत्या, तुझ्याकडे मोहाच्या बिया आहेत ना? चारला घेतलेल्या? आता तीन भाव आहे. या पण उद्या काढून टाक!" खार तावातावाने म्हणाली. "पडलं ते विकायचं. नियम म्हणजे नियम."

"कुणाचा नियम?"

"माझा. आत्ताच केलाय."

आत्या हसली. ती मोहाच्या बुंध्यावर चढली आणि तिने पुढच्या नखाने साल जराशी खरवडली. आतून हिरवागार ओलावा दिसला. फांदीच्या टोकाशी बारीक फुगीर कळ्या होत्या. "हा मेलेला नाही, बाय. ही पानगळ आहे. दरवर्षी होते. पानगळीत भाव पडतो आणि घाबरट विकतात. मग फुलं येतात आणि तेच घाबरट रडतात."

खारीचे कान लाल झाले. तिने तो नियम तिथेच मोडीत काढला. "बरं. मग नियम असा, की भाव नाही बघायचा. साल बघायची."

"हा बरा आहे," आत्या म्हणाली.

मग त्या चिंचेपाशी पोहोचल्या. आजूबाजूच्या चिंचांवर चिंचा लोंबत होत्या. या झाडावर एकही नव्हती. आत्या बराच वेळ खालूनच बघत राहिली. मग ती वर चढली आणि तिने साल खरवडली. भुसा पडला. तिने थोडं वर जाऊन पुन्हा खरवडलं. पुन्हा भुसा पडला आणि त्यातून पांढरी वाळवी बाहेर आली. खाली एक अस्वल बुंध्याला नाक लावून जिभेने ती वाळवी टिपत बसलं होतं.

"अस्वलमामा, दोन शेंगांना चिंचोके तुम्हीच घेताय ना?" खारीने विचारलं.

"हो की. मला चिंचा काय करायच्या? आंबट! मला वाळवी हवी, आणि वाटा असल्याशिवाय झाड फोडता येत नाही. पण लवकर काय ते ठरवा. पलीकडच्या टेकडीवरचा साग आतून याहून छान पोखरलाय. तिकडे वाटा मिळाला, की मी इकडे फिरकणार नाही."

दोघी परत आल्या. ढोलीच्या तोंडाशी बसून आत्या म्हणाली, "कळतंय मला सगळं. पण नऊला घेतलेत गं मी. एकदा नऊ होऊ देत, त्याच क्षणी विकते."

"आत्या, तू नऊला घेतलेस, हे त्या झाडाला माहीत आहे का?"

आत्याने एक चिंचोका उचलून पंजात फिरवला.

"बरं, एक सांग. समज, तुझ्याकडे हे चिंचोके नाहीतच. त्यांच्याऐवजी आजच्या भावाने तितक्या शेंगा आहेत. उद्या तू त्या शेंगा घेऊन कातळावर गेलीस, तर ही चिंच घेशील?"

"मी काय खुळी आहे? वाळवी लागलेली चिंच कोण घेईल?" आत्या पटकन बोलून गेली. आणि बोलून झाल्यावर तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

खारीला इतका आनंद झाला, की तिने ढोलीत कोलांटी उडी मारली. "बघ! म्हणजे चिंचोके ठेवणं म्हणजे रोज सकाळी ते नव्याने घेणंच आहे. उद्या फणस विकलास, तर तू काय करतेस? ज्याला कोवळे फणस लागलेत ते झाड देतेस आणि भुसा घरात ठेवतेस. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्यापुढे काय ठेवशील? भुसा?"

"असं नको बोलूस." आत्याने पोटावरून पंजा फिरवला. "घरट्यापुरत्या शेंगा मी आधीच बाजूला काढून ठेवायला हव्या होत्या. त्या बाजारात लावायलाच नको होत्या. चुकलं ते चुकलं." मग तिने गवताकडे पाहिलं. "आणि तुझी बोरं?"

"कसली बोरं?"

"माझ्याच ढोलीत गवताखाली आहेत आणि मला विचारतेस कसली? उद्या तेवढ्या शेंगा हातात असतील, तर घेशील ती बोर?"

खारीने शेपूट तोंडावर घेतलं.

"घेणार नाहीस ना? मग विकली का नाहीस?"

खार शेपटीमागूनच म्हणाली, "साळुंक्या म्हणतील, शिकून आली आणि बुडून गेली."

आत्या आधी खुदकन हसली, मग खो खो हसली, इतकी की तिला पोट धरून बसावं लागलं. "अगं, म्हणजे आपण दोघी एकाच फांदीवर! मला वाटलं होतं, शिकलेल्यांना वरातीची भीती वाटत नसेल." खारही हसायला लागली. हसता हसता तिला वाटलं, की जंगलात सगळ्यांना अक्कल आहे. कमी आहे ती पहिली वरात हौसेने काढून घेणारी कुणी तरी.

सकाळी कातळ गजबजला होता. साळिंदर भाव पुकारत होतं. "फणस आठ! फणस आठ झाला हो!" आत्या पळसाच्या पानात दोन पुड्या बांधून आली होती. एकीत आठळ्या आणि दुसरीत चिंचोके. कुठली पुडी सोडायची, ते तिने अजून ठरवलं नव्हतं. फणस आठ झाल्याचं ऐकून तिचा पंजा आपोआप आठळ्यांच्या पुडीकडे गेला. वडावर साळुंक्या कौतुकाचं गाणं जुळवत बसल्याच होत्या.

तेवढ्यात तरुण खार उडी मारून कातळाच्या मध्यावर आली.

"साळिंदरकाका, बोरीच्या बिया विकायच्यात. कावळेदादांच्या आतल्या बातमीवर, झाड न बघता घेतल्या. मुळं हवेत आहेत. येईल तो भाव द्या."

कावळा पंख चाळवत उगाच आकाशाकडे पाहू लागला.

"एक शेंग!" साळिंदर म्हणालं. "एक शेंग, आहे कुणी?"

"मी घेतो," म्हातारं मुंगूस म्हणालं. "त्या मुळांत उंदीर माजलेत. मला बोरं नकोत, उंदीर चालतील."

व्यवहार झाला. खारीने वडाकडे पाहिलं. "काय हो साळुंक्याबाई, आज घसे बसलेत का? वरात कुठेय माझी? मी किती वेळ उभी राहू?"

साळुंक्या गोंधळल्या. आजवर कुणी वरात मागून घेतली नव्हती. एकीने चाचरत सुरुवात केली, "चढत्यात घेतलं..." तिला सूर सापडेना. मग खारीनेच मोठ्याने गाणं उचललं, शेपूट निशाणासारखं उभं केलं आणि ती वरातीच्या पुढे नाचत निघाली. "हातात काय उरलं?" असं साळुंक्यांनी विचारताच ती ओरडली, "मूठभर शेंगा उरल्या! बिया ठेवल्या असत्या, तर त्याही उरल्या नसत्या!"

आधी ससे हसले. मग कालचं भेकर हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसलं. हसणं तेच होतं, पण आज ते कुणाला टोचत नव्हतं. वरात कातळाला एक फेरा घालून आली. खार धापा टाकत आत्यासमोर थांबली. तिने आत्याला काहीच सांगितलं नाही. सांगायचं ते सगळं काल सांगून झालं होतं.

"ताई, लवकर करा," अस्वल मागून गुरगुरलं. "मी सागाकडे चाललोय."

"फणस आठ!" साळिंदर पुन्हा ओरडलं. "देताय का, आत्याबाई? असा भाव परत येणार नाही!"

आत्याने एकदा उंच दगडाकडे पाहिलं, एकदा अस्वलाकडे. मग आपल्या गोल पोटाकडे पाहिलं. आठळ्यांची पुडी तिने उचलून भाचीच्या हातात दिली. "ही घरी ने, आणि मी मागितली तरी देऊ नकोस," ती म्हणाली. दुसरी पुडी तिने साळिंदरासमोर सोडली. चिंचोके कातळावर खळखळत पसरले.

"नऊला घेतलेले आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दोनला देतेय. अस्वलमामा, मोजून घ्या. आणि साळुंक्यांनो, मला या पोटाने पळता येणार नाही. वरात जरा हळू चालवा."

तात्पर्य : आपण कितीला घेतलं, हे झाडाला ठाऊक नसतं. म्हणून वाटा ठेवायचा की सोडायचा, ते भाव ऐकून किंवा लोकांच्या हसण्याला भिऊन ठरवू नये. साल खरवडून पाहावी, वाळवीचं झाड सोडावं आणि फळणारं राखावं.